पाठमोऱ्या बायकांचा मांडव

बोळिंजला थंडी येते ती भाजीच्या टोपलीतून. एका सकाळी सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडे वालाच्या शेंगा दिसतात, शेजारी जांभळं कोनफळ मातीसकट बसलेलं असतं, आणि मग आम्ही चौथ्या-सातव्या मजल्यांवरचे लोक कपाटातून शाली काढतो. थंडी म्हणजे तरी काय, पंखा चारवरून दोनवर. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिकडचे लोक आमच्या या थंडीला हसतात. हसू देत बापडे. मला एवढीच पुरते, आणि गेल्या वर्षापासून तर ती मला भलतीच आवडायला लागली आहे.

परवा शेंगा निवडत होते, तर मावशींनी वर न बघताच विचारलं, यंदा मांडवात चित्रं कधी लावणार? मी इतकी खूश झाले की कोथिंबीर तिथेच विसरून वर आले. भाजी घेताना चित्रांची चौकशी व्हावी, असं माझ्या नोकरीच्या एवढ्या वर्षांत कधी घडलं नव्हतं. मी विरारच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे शिकवायला मिळालीच तर शिकवते. सहामाही जवळ आली, वार्षिक जवळ आली, नुसती घटक चाचणी जवळ आली तरी माझा तास कुणीतरी मागून नेतं. उरलेल्या तासांत मुलं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी काढतात. त्यातल्या एकाच्याही खिडकीतून डोंगर दिसत नाही, समोरच्या विंगच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. टाक्या काढा म्हटलं की मुलं माझ्याकडे संशयानं बघतात.

माझे तास पळवण्यात सर्वांत पुढे होती रेजिना. ती गणित शिकवते. राजोडीच्या रस्त्याला, केळीच्या वाड्यांमध्ये तिचं सासर आहे. तिथलं जुनं ख्रिस्ती घराणं. वर्गाच्या दारात उभी राहून ती इतक्या गोड आवाजात तास मागायची की नाही म्हणताच येत नसे. एका जानेवारीत तिलाच बहुधा लाज वाटली. म्हणाली, तुझे एवढे तास खाल्ले, आता रविवारी घरी ये आणि उकडहंडी खा. मी गेले. अंगणात मडकं उपडं घालून त्याभोवती जाळ केला होता. कोनफळ, रताळी, शेंगा आणि त्यांना चोळलेला हिरवा मसाला, असा सगळा मिळून जो वास सुटला होता, तो मला या ऋतूत अजूनही भर तासाला येतो. मुलं म्हणतात, मॅडम, लक्ष कुठाय?

हात धुवायला मागच्या खोलीत गेले. तिथे केळीचे घड पिकायला टांगलेले होते आणि त्यांच्याखाली, भिंतीकडे तोंड करून, काही कॅनव्हास उभे होते. आता चित्रकलेच्या बाईला असा कॅनव्हास दाखवणं म्हणजे मांजरापुढे बोंबील ठेवणं. मी रेजिनाला न विचारता एक उचलून फिरवला. आणि गंमत अशी, की चित्र सरळ केलं तरी त्यातली बाई पाठमोरीच.

लाल चौकटीचं लुगडं. इकडच्या ख्रिस्ती म्हाताऱ्या नेसतात तसं. खांद्यावरून आलेल्या चुण्या, पुढे वाकलेली मान, मानेवर सुटलेले पांढरे केस, घट्ट अंबाडा आणि त्याला अबोलीच्या गजऱ्याचा पदर. कानाची पाळी मागून दिसत होती, दागिन्याच्या वजनानं लांबलेली. बस, एवढंच. चेहरा नाही, वाडी नाही, मागे समुद्र नाही. मी दुसरा कॅनव्हास फिरवला, तीही पाठमोरी. तिसरी, चौथी, पाचवी. पाच बायका, पाच पाठी. आणि शपथेवर सांगते, एक पाठ दुसरीसारखी नव्हती. एक भांडखोर होती हे नुसत्या खांद्यांवरून कळत होतं.

रेजिना दारात उभी होती. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून म्हणाली, काही नाही गं, रविवारी दुपारी वेळ जात नाही म्हणून. मी तिच्यावर इतकी उखडले की बिचारी घाबरली. माझे तास पळवून वर्गमुळं शिकवणारी ही बाई, आणि घरी केळीच्या घडांखाली हे ठेवून बसलेली. कधीपासून काढतेस? लग्न झाल्यापासून. कुणाला दाखवलंस? कुणाला नाही. आणि सगळ्या पाठमोऱ्या का? त्यावर ती हसली आणि म्हणाली, मला तशाच दिसतात.

तेव्हा तिनं सांगितलेली गोष्ट मी तोवर कुठल्या कलाशाळेत ऐकली नव्हती. ही मंडळी चर्चला देऊळ म्हणतात. त्या देवळात कुणी पाट्या लावलेल्या नाहीत, पण प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. रेजिना नवी नवरी म्हणून आली, तेव्हा सासूनं तिला आपल्या शेजारी बसवलं. आणि त्यांच्या पुढच्या बाकावर या पाचजणी. तेव्हापासून दर रविवारी मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत रेजिनाच्या डोळ्यांपुढे या पाच पाठी. देवळात कागद-पेन्सिल काढायची तिची प्राज्ञा नाही. म्हणून ती नुसती बघायची. घरी येऊन जेवणं उरकली, भांडी झाली, की आठवून रंगवायची. एखादी चुणी कुठून वळते ते विसरली, तर अडूनच बसायचं, पुढचा रविवार येईपर्यंत. त्या पाचजणींतल्या कतरीनमावशी एकदा पाय मोडून घरी होत्या, तर त्यांचं चित्र सगळा पावसाळा अर्ध्या मानेवर थांबलं होतं. त्या परत आल्या त्या रविवारी देवळात सगळ्यांत आनंदात कोण असेल तर मी, असं रेजिना म्हणाली.

तिच्या घरून निघाले ती माणसांच्या पाठी बघतच. मुख्याध्यापकांची पाठ, रिक्षावाल्याची पाठ, दूध आणायला उभ्या असलेल्या शेजाऱ्यांची पाठ. पुढून आपण सगळे थोडंफार सावरून असतो. मागं कुणाचं लक्ष असतं? मला माझी आई आठवली. ती शिवणाच्या मशीनवर बसायची, आणि मी मागे पलंगावर अभ्यास करायचे. तिच्या ब्लाउजच्या पाठीवरचा उसवलेला टाका मला आज जसा आठवतो, तशी तिच्या डोळ्यांची ठेवण आठवत नाही. स्वतःची पाठ मात्र कुणी बघितलेली नसते. आपल्या अंगाचा एवढा मोठा भाग आपण दुसऱ्यांच्या हवाली करून आयुष्यभर बिनधास्त फिरत असतो.

हे सगळं लोकांना दाखवायचंच, असं मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं. रेजिनानं तितक्याच ठामपणे नाही म्हटलं. वर्षभर आमची ही झकाझकी चालली. मी तास द्यायचे आणि बदल्यात प्रदर्शनाचा विषय काढायचे. शेवटी कंटाळून तिनं मनातलं सांगितलं. त्या बायकांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना न विचारता काढल्यात, आणि त्याही देवळात बसून. लोक म्हणतील, ही प्रार्थनेला येते की आमच्या पाठी न्याहाळायला? मग ती म्हणाली, "लावीन मी चित्रं. पण त्या पाचजणींनी नाक मुरडलं ना, तर पुन्हा ब्रश हातात घेणार नाही. त्यांच्याशिवाय मला दुसरं काही काढता येत नाही, वैशाली." ती हे हसत हसत म्हणाली होती. पण गणिताच्या बाया उगाच काही बोलत नाहीत, हे मला माहीत होतं.

आणि मग गेल्या जानेवारीत लग्न आलं. नाताळ उरकला की इकडे लग्नांची एकच धांदल असते. रेजिनाच्या पुतण्याचं लग्न झालं, अंगणभर मांडव पडला, तीन दिवस बॅण्ड वाजला. पाहुणे पांगले, पण मंडपवाल्याला लगेच दुसरं काम नव्हतं, म्हणून मांडव उभाच राहिला. गुलाबी कापड, सोनेरी झालर, वर झुंबरासारखे दिवे, खाली लाल गालिचा. मी लग्नाची मिठाई घ्यायला म्हणून गेले आणि त्या रिकाम्या मांडवाच्या मधोमध उभी राहिले. माझ्या डोक्यात काय आलं ते रेजिनाला लगेच कळलं. ती नाही म्हणणार तेवढ्यात तिच्या सासूबाई, नातलीनबाई, ओट्यावरून म्हणाल्या, लावा की, मांडव असा रिकामा उभा बरा दिसत नाही. सून रविवारी दुपारी काहीतरी रंगवत बसते एवढंच त्यांना माहीत होतं. काय रंगवते ते बघायला त्या कधी मागच्या खोलीत गेल्या नव्हत्या.

मग काय विचारता! चार दिवसांत मी बोळिंज डोक्यावर घेतलं. आमच्या समोरच्या विंगेतला ओंकार, कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा, सुट्टीच्या दिवशी चिंचोटीचा धबधबा रंगवतो हे मला ठाऊक होतं, त्याला धरलं. राजोडीचे हरेश्वरभाऊ होड्यांवर नावं आणि फुलं रंगवतात. त्यांनी मोडीत निघालेल्या होडीची एक अख्खी फळी द्यायचं कबूल केलं. आणि मी माझ्या बाल्कन्या काढल्या. आमच्या सोसायटीतल्या बाल्कन्या, वाळत घातलेले कपडे, तुळशी, सायकली, कुणाचा तरी रुसून बाहेर येऊन बसलेला नवरा. ओंकारनं झकास पोस्टर बनवलं, 'मांडवात चित्रं, सर्वांचे स्वागत', आणि ते गावाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या सगळ्या ग्रुपांवर गेलं. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला.

दिवस ठरला सव्वीस जानेवारीचा, सुट्टी म्हणून. सकाळी शाळेत झेंडावंदन केलं आणि पांढऱ्या साडीवर तिरंग्याचा बिल्ला तसाच ठेवून आम्ही दोघी मांडवात पोचलो. चित्रं टांगायची कशी, हा प्रश्नच होता, कारण मांडवाला भिंत नसते. शेवटी बांबूंना सुतळ्या बांधल्या आणि मागच्या कापडाला सेफ्टी पिना लावल्या. 'शुभ विवाह' लिहिलेली थर्माकोलची पाटी, वधूवरांच्या नावांसकट, इतकी वर होती की कुणाचा हात पोचेना. ओंकार म्हणाला, राहू दे, चित्रांचं लग्न समजतील. सोनेरी झालरीखाली माझ्या बाल्कन्यासुद्धा नटून आल्यासारख्या दिसत होत्या. पाठमोऱ्या पाचजणींना आम्ही मधली जागा दिली. गुलाबी कापडावर त्यांची लाल लुगडी इतकी उठून दिसली की मी टाळीच वाजवली. रेजिनानं मात्र त्यांच्यावर एक जुनी चादर टाकली. संध्याकाळी काढू म्हणाली.

तेवढ्यात हरेश्वरभाऊ फळी घेऊन आले. फळी टेकवून ते ओंकारच्या चित्रांसमोर बराच वेळ उभे राहिले. पावसाळ्यात चिंचोटीला जायला बंदी असते, म्हणून हा कायदा पाळणारा मुलगा दर वर्षी एप्रिल-मेमध्ये जाऊन धबधबा रंगवतो. सगळ्या चित्रांत नुसते काळे कातळ. हरेश्वरभाऊंनी हळूच विचारलं, "सगलं बरोबर हाय, पन पानी कुटं हाय?" ओंकारनं त्यांना बंदीचं कारण समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मंग बरोबर हाय.

दुपार कलली. मी नातलीनबाईंजवळ लसूण सोलत बसले. त्यांची घरातली बोली माझ्या जिभेवर अजून चढत नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगते. त्यांनी विचारलं, चहा किती माणसांचा टाकायचा? मी मोठ्या रुबाबात मोबाईल पुढे केला. म्हटलं, बघा ना किती अंगठे आलेत, सगळं गाव येणार.

"अंगठे येतील," नातलीनबाई म्हणाल्या. "माणसं कशी येतील? बोलवायला कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, पोस्टर पाठवलंय की. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी त्यांच्या घरातली सून असते तर रडलेच असते. मग समजावलं. या गावात कुणाच्या मांडवात न बोलावता पाय ठेवत नाहीत. बोलावणं म्हणजे घरातल्या माणसानं दारात जायचं, घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेऊन सांगायचं, अमुक वेळेला या. लग्नाला तसं, बारशाला तसं, मेलेल्या माणसाच्या प्रार्थनेलाही तसंच. सर्वांचे स्वागत याचा अर्थ इथं कुणालाच बोलावलेलं नाही, असा होतो. लोकांना पोस्टर आवडलं असेल, म्हणून अंगठा दिला. पण येणार कोण?

मी कपाळाला हात लावला. आणि मग माझ्या डोक्यात आलं, मला हे माहीत नसणं ठीक आहे, मी फ्लॅटमधली. पण रेजिना? मी तिच्याकडे बघितलं तर ती पायाच्या अंगठ्यानं अंगणातली माती उकरत होती. ती विसरली नव्हती. बोलवायला गेलं की त्या पाचजणींच्या दारांतही जावं लागणार, आणि कसली चित्रं हे सांगावं लागणार. त्यापेक्षा कुणी आलंच नाही तर बरं, असा तिनं हिशेब केला होता. मला तिचा राग आला आणि लगेच तिची दयाही आली. मी स्कूटरची किल्ली उचलली आणि म्हटलं, बस मागे.

ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. ऊन होतं पण टोचत नव्हतं, हवेत ओल्या मातीचा आणि केळीच्या चिकाचा वास होता, विहिरींवर पाण्याच्या मोटारी घोंघावत होत्या. वाड्यांमधल्या बोळांतून स्कूटर जाते न जाते, दोन्ही बाजूंनी केळीची पानं खांद्याला लागतात. एका दारातून दुसऱ्या. 'सांतानकाका, संध्याकाळी मांडवात या.' 'मोनिकाआत्या, सगळ्यांना घेऊन या.' प्रत्येक घरात बसावं लागलं, प्रत्येक घरात काहीतरी तोंडात टाकावं लागलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. माझी पांढरी साडी आणि बिल्ला बघून एका काकांनी मला सरकारी पाहणीची बाई समजून घरातली माणसं मोजून सांगायला सुरुवात केली. पहिल्या चार दारांत रेजिनाचा आवाज फुटत नव्हता. मग तो फुटला. मग तर ती इतकी रंगात आली की मीच तिला आवरायला लागले. चित्रं म्हणजे कसली, असं कुणी विचारलं की म्हणायची, येऊन बघा ना. पाचजणींपैकी चौघींची दारं अशीच झाली.

कतरीनमावशींचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं. मावशी वाडीच्या कडेला बसून अबोलीचे गजरे ओवत होत्या. आमची स्कूटर बघूनही त्यांनी हात थांबवला नाही. रेजिना कुंपणापाशी उभी राहिली आणि पुन्हा तिची बोबडी वळली. मी मागून चिमटा काढला. तेव्हा ती म्हणाली, मावशी, संध्याकाळी आमच्या मांडवात या. मावशी म्हणाल्या, लग्न तर झालं. रेजिना म्हणाली, चित्रं लावलीत, मी काढलेली. कसली? बायकांची. कुठल्या बायकांची? आपल्याच. मावशींनी दोरा दातानं तोडला आणि आम्हा दोघींकडे नीट बघितलं. एवढंच म्हणाल्या, आत्ता सांगतेस होय, मग मी तयार कधी होऊ?

आणि आले! अंधार पडायच्या आत सगळे आले. धुतलेली लुगडी, कडक इस्त्रीचे शर्ट, पावडर लावलेली मुलं, आमच्या सोसायटीतल्या जीन्सवाल्या बायका, शाळेतले शिक्षक. नातलीनबाई स्वतः फाटकाशी उभ्या राहून एकेकाला आत घेत होत्या. दिवे लागले आणि गुलाबी मांडव असा काही पेटून उठला, की मला वाटलं आता नवरा-नवरी येणार. इथवर सगळं छान झालं. पण लोक आत आले आणि लग्नातल्या रिकाम्या खुर्च्यांवर ओळीनं बसले, स्टेजकडे तोंड करून. स्टेजवर काहीच नव्हतं. चित्रं दोन्ही बाजूंना आणि मागे. सगळे हाताची घडी घालून कार्यक्रमाची वाट बघत शांत बसून राहिले. मी माइकवरून सांगितलं, उठा, हिंडा, बघा. कुणी हललं नाही. पाहुणे असे आपणहून उठून दुसऱ्याच्या घरात हिंडत नाहीत.

शेवटी नातलीनबाईच मधे आल्या. नवीन घर दाखवायला नेतात तसं त्यांनी पहिल्या ओळीतल्या दोघींचे हात धरले आणि म्हणाल्या, चला, घर दाखवते. त्याबरोबर सगळा मांडव उठला. माझ्या बाल्कन्यांसमोर सोसायटीवाले हसून हसून लाल झाले. रुसून बसलेला नवरा कोण ते त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं आणि तो माणूस तिथेच चहा पीत होता. ओंकारच्या कातळांसमोर हरेश्वरभाऊ उभे राहून प्रत्येकाला पानी का नाही ते समजावत होते. होडीच्या फळीवरचं नाव वाचून दोन म्हाताऱ्यांनी त्या होडीची सगळी हकीकत काढली. मी इकडून तिकडे पळत होते. माझ्या वर्गात या भागातली मुलं आहेत, आणि त्यांच्या आईबापांना चित्रासमोर उभं राहून भांडताना मी पहिल्यांदा बघत होते.

मग रेजिनानं चादर काढली. लोक जवळ आले आणि क्षणभर काहीच कळलं नाही. मग मागून एका मुलीनं ओरडून सांगितलं, ही मोनिकाआत्या! आणि एकदम गलका झाला. ही फिलूमावशी, खांदे बघ तिचे. ही आमची आजी, अंबाडा बघ, एवढा घट्ट दुसरी कोण बांधते? गावानं पाचही पाठी एका दमात ओळखल्या. ज्यांच्या त्या होत्या त्या मात्र गोंधळून एकमेकींना विचारत होत्या, मी अशी दिसते? मोनिकाआत्या सुनेवर घसरल्या, लुगडं मागून एवढं वर जातं ते मला कुणी कधी सांगितलं का नाही? आणि नातलीनबाई पाचही चित्रं पुन्हा एकदा तपासून आल्या. माझी नाही काढलीस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा रेजिना म्हणाली, आई, तुम्ही माझ्या शेजारी बसता ना. त्यावर मांडव खदखदून हसला.

त्या हसण्यातच फिलूमावशींचा आवाज आला. भांडखोर खांदेवाल्या त्याच. म्हणजे आम्ही देवाकडे बघत असतो, आणि तू आमच्याकडे बघत असतेस होय? हसू तिथल्या तिथे विझलं. रेजिनाचा चेहरा पांढरा पडला. ज्याला ती इतकी वर्षं भीत होती तोच प्रश्न भर मांडवात, सगळ्या गावासमोर आला होता. मी तरी मधे काय पडणार? देवळातलं मला काय कळतं?

पण फिलूमावशींकडे सगळ्यांचं लक्ष असताना एक बाई तिकडे बघतच नव्हती. कतरीनमावशी शेवटच्या चित्रासमोर उभ्या होत्या. त्यांचंच चित्र ते. पावसाळाभर अर्ध्या मानेवर थांबलेलं. मी त्यांच्या मागे होते, त्यामुळे मला दोन्ही दिसत होतं. चित्रातली मान किंचित उजवीकडे कललेली, आणि चित्रासमोरची मानही तेवढीच उजवीकडे. तोच अंबाडा, तेच अबोलीचे दोन पदर, मानेवरचे तेच सुटे केस.

"ही माझी आय," कतरीनमावशी म्हणाल्या.

कुणीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नातलीनबाईंनी त्या बाईचं मनगट धरलं. कतरीनमावशी चित्राशीच बोलल्यासारखं सांगत होत्या. आय पहाटे फुलांची टोपली घेऊन बाजाराला निघायची, पुढे आय आणि मागे मी. वाटेत बोलायची नाही. मी लहान असतानाच गेली. फोटो नाही तिचा. तोंड कसं होतं ते कितीही आठवलं तरी येत नाही, पण पाठ येते. मान अशीच टाकायची. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि चित्रातल्या लुगड्याची खांद्यावरची चुणी नीट करावी तसं त्यावरून हळूच फिरवलं.

मग त्या रेजिनाकडे वळल्या. "तू तर तेव्हा जन्मलीही नव्हतीस. तुला कुठं दिसली ती?"

रेजिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिनं मावशींचा हात हातात घेतला.

"देवळात दिसते, मावशी. दर रविवारी."

मावशींना काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही, आणि ते कुणी विचारलंही नाही. त्यांनी मान डोलावली, उजवीकडे कललेलीच, आणि पुन्हा चित्राकडे वळल्या. फिलूमावशींनी एक खुर्ची ओढत आणली, स्वतःच्या पाठीच्या चित्रासमोर ठेवली आणि त्या तिच्यावर ऐसपैस बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या की ही मी, नीट बघा, गर्दी करू नका. चहाची दुसरी पातेली चढली. तीही पुरली नाही.

लोक पांगायला लागले तेव्हा आम्ही पिना काढायला घेतल्या. रेजिना कॅनव्हास एकेक करून उतरवत होती आणि चादरीत गुंडाळत होती. माझा जीव टांगणीला लागला होता. आता पुन्हा ब्रश हातात घेणार ना, हे विचारायची हिंमत होत नव्हती, कारण तिनं एकदा नाही म्हटलं की काय होतं ते मी वर्षभर बघितलं होतं. शेवटचं, कतरीनमावशींचं चित्र हातात घेऊन ती दिव्याखाली उभी राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"दादरला कधी जाणार आहेस? लाल घेऊन ये. मोठी ट्यूब. माझी संपलीय."